यकृताच्या कर्करोगाची वाटचाल आणि रक्तातील प्रथिन-निर्देशक : एक चिकित्सक आढावा

प्रस्तावना

यकृताच्या कर्करोगाविषयी प्रसिद्ध होणाऱ्या संशोधनपर लेखांमध्ये एक विधान वारंवार आढळते. अमुक प्रथिनाची रक्तातील पातळी निरोगी व्यक्तींच्या तुलनेत रुग्णांमध्ये लक्षणीय प्रमाणात वाढलेली दिसली, म्हणून ते प्रथिन या रोगाचा उपयुक्त निर्देशक ठरू शकते, असे हे विधान असते. विधानाचा पूर्वार्ध बहुधा खरा असतो. आक्षेप घ्यावयाचा तो ‘म्हणून’ या शब्दावर. दोन गटांच्या सरासरीतील फरक आणि समोर बसलेल्या एका रुग्णाबाबत घ्यावयाचा निर्णय यांच्यामध्ये बरेच मोठे अंतर आहे आणि या विषयावरील पुष्कळसे लेखन ते अंतर न चालताच पैलतीरावर उभे राहिलेले दिसते.

विषयाचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको. २०२० या वर्षाच्या जागतिक अंदाजानुसार यकृताच्या कर्करोगाचे सुमारे ९ लाख नवे रुग्ण नोंदले गेले, तर सुमारे ८ लाख ३० हजार रुग्णांचा मृत्यू झाला. नव्या रुग्णांचा आणि मृत्यूंचा आकडा इतका जवळ असणे यातच या रोगाचे स्वरूप स्पष्ट होते. यांतील बहुसंख्य रुग्णांना यकृतपेशीजन्य कर्करोग असतो आणि तो प्रायः आधीच आजारी असलेल्या यकृतात उद्भवतो. हिपॅटायटिस बी व सी, मद्यपान, यकृतातील मेद आणि या सर्वांची परिणती असलेला सिरॉसिस ही त्याची पार्श्वभूमी होय. सिरॉसिसच्या रुग्णात सुई घालून ऊतीचा तुकडा काढणे रक्तस्रावाच्या दृष्टीने जोखमीचे असते. सोनोग्राफीचा दर्जा ती करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतो. अशा वेळी पाच मिलिलिटर रक्तातून रोगाची वाटचाल कळावी, ही अपेक्षा स्वाभाविकच आहे.

ही अपेक्षा गेल्या सहा दशकांत कितपत पूर्ण झाली याचा विचार करताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. एकाच प्रथिनाची प्रतिष्ठा कधी उंचावली, कधी घसरली. परंतु प्रथिन तेच होते. बदलत गेला तो त्याला विचारला जाणारा प्रश्न. रोग आहे की नाही, रोग किती आक्रमक आहे, प्रत्यारोपण करावे की नाही, अमुक औषध द्यावे की नाही, हे चार निराळे प्रश्न आहेत आणि एकाचे उत्तर दुसऱ्यासाठी वापरता येत नाही.

अल्फा-फीटोप्रोटीन : उदय, अवनती आणि पुनरागमन

१९६३ मध्ये मॉस्को येथे गॅरी आबेलेव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांना यकृताचा अर्बुद असलेल्या उंदरांच्या रक्तात एक असे प्रथिन आढळले, जे एरवी केवळ भ्रूणावस्थेत तयार होते. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, युरी तातारिनोव्ह यांनी यकृताच्या कर्करोगाच्या मानवी रुग्णात तेच प्रथिन दाखविले. हेच अल्फा-फीटोप्रोटीन, म्हणजे एएफपी. गर्भाचे यकृत व पीतक-पिशवी ते निर्माण करतात. जन्मानंतर त्याची निर्मिती जवळजवळ थांबते आणि तिची जागा अल्ब्युमिन घेते. या दोन प्रथिनांची जनुके चौथ्या गुणसूत्रावर एकमेकांच्या शेजारी आहेत, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. कर्करोगाची पेशी आपली प्रौढ ओळख गमावू लागली की बंद झालेला गर्भकालीन कार्यक्रम पुन्हा सुरू होतो. एएफपीचा संबंध, म्हणजे, अर्बुदाच्या अस्तित्वापेक्षा त्याच्या स्वभावाशी अधिक निकटचा आहे. हा धागा आरंभापासून उपलब्ध असूनही पुढील तीन-चार दशके तो बाजूला राहिला आणि एएफपीकडे ‘कर्करोग ओळखणारी रक्ततपासणी’ याच दृष्टीने पाहिले गेले.

या दृष्टीची मर्यादा दाखविणारा एक अभ्यास २००१ मध्ये इटलीतील त्रेव्हिझानी व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. कर्करोगाचे १७० रुग्ण आणि केवळ दीर्घकालीन यकृतविकार असलेले १७० रुग्ण यांची तुलना त्यात होती. प्रति मिलिलिटर २० नॅनोग्रॅम ही मर्यादा धरल्यास संवेदनक्षमता ६० टक्के व विशिष्टता सुमारे ९१ टक्के भरली. मर्यादा २०० नॅनोग्रॅमपर्यंत नेल्यास संवेदनक्षमता २२ टक्क्यांवर आली. आता साधे अंकगणित करून पाहावे. सिरॉसिसच्या १००० रुग्णांपैकी ५० जणांना कर्करोग आहे असे मानले, तर २० नॅनोग्रॅमच्या मर्यादेने त्यांतील ३० सापडतील, २० निसटतील आणि कर्करोग नसलेल्या ९५० जणांपैकी सुमारे ९० जणांवर विनाकारण संशय येईल. म्हणजे ‘वाढलेला’ अहवाल मिळालेल्या चौघांपैकी एकालाच प्रत्यक्ष रोग असेल. अभ्यासात मात्र दोन्ही गट समसमान असल्याने हेच प्रमाण ८६ टक्क्यांच्या आसपास दिसते. आकडे खोटे नाहीत. गटांची रचना बदलली की त्यांचा अर्थ बदलतो. महाविद्यालयीन सांख्यिकीच्या पहिल्या वर्षात शिकविला जाणारा हा मुद्दा निर्देशकांवरील असंख्य लेखांत अनुच्चारित राहतो, हे आश्चर्यकारक आहे.

फारिनाती व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ११५८ इटालियन रुग्णांच्या माहितीनेही हेच दाखविले. निदानाच्या वेळी ४६ टक्के रुग्णांची एएफपी पातळी सामान्य होती आणि ४०० नॅनोग्रॅमहून अधिक पातळी केवळ १८ टक्क्यांत आढळली. परंतु याच अभ्यासात पातळी जितकी अधिक तितके आयुर्मान कमी, हेही स्पष्ट होते. ओळखण्याच्या कामी दुबळे ठरलेले प्रथिन भवितव्य सांगण्याच्या कामी बोलके होते.

शोध-तपासणीच्या संदर्भात चीनमधील दोन प्रयोगांची तुलना विशेष उद्बोधक आहे. चिदोंग परगण्यात हिपॅटायटिस बी-वाहक असलेल्या ५५८१ पुरुषांवर १९८९ ते १९९५ या काळात एएफपीवर आधारित तपासणीचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात पहिल्या टप्प्यातील रोगाचे प्रमाण २९.६ टक्के, तर तुलनागटात ६ टक्के होते. कोणत्याही परिषदेत टाळ्या मिळवील असा हा फरक आहे. मृत्युदर मात्र दर लाख व्यक्तिवर्षांमागे अनुक्रमे ११३८ व १११४, म्हणजे व्यवहारतः समान राहिला. रोग लवकर कळला, रुग्ण त्याची जाणीव बाळगून अधिक काळ जगला, परंतु मृत्यूची तारीख फारशी हलली नाही. याउलट शांघाय येथे १९९३ ते १९९७ या काळात १८,८१६ व्यक्तींवर झालेल्या प्रयोगात एएफपीच्या जोडीला दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी होती. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार तपासणीत सातत्य ५८ टक्क्यांइतकेच असूनही यकृत-कर्करोगाचे मृत्यू ३७ टक्क्यांनी घटले. या दुसऱ्या प्रयोगाच्या सांख्यिकी पद्धतीवर आक्षेप घेतले गेले आहेत आणि ते दुर्लक्षणीय नाहीत. तरीही एक बाब दोन्हींतून निघते : सापडलेल्या रोगावर वेळेत व परिणामकारक उपचार होणार नसतील, तर निर्देशकाची संवेदनक्षमता ही केवळ कागदावरची प्रौढी राहते.

अशा पार्श्वभूमीवर अमेरिकन यकृतविकार संघटनेने २०१० च्या सुधारित मार्गदर्शिकेत नियमित तपासणीतून एएफपी वगळले आणि केवळ सोनोग्राफीची शिफारस केली. २०१८ च्या मार्गदर्शिकेत ‘एएफपीसह अथवा एएफपीविना’ असा मध्यममार्ग आला आणि २०२३ मध्ये सोनोग्राफीबरोबर एएफपी पुन्हा अधिकृतपणे दाखल झाले. त्यामागे २०१८ चे एक संकलित विश्लेषण होते. त्यानुसार आरंभिक अवस्थेतील रोगासाठी केवळ सोनोग्राफीची संवेदनक्षमता ४५ टक्के, तर एएफपीच्या जोडीने ६३ टक्के भरते. याहून महत्त्वाचे कारण रुग्णांच्या बदललेल्या पार्श्वभूमीत असावे. हिपॅटायटिस सी वरील नवी औषधे आणि हिपॅटायटिस बी वरील दीर्घकालीन उपचार यांमुळे यकृतदाह शमतो आणि दाहामुळे वाढणारी एएफपी पातळी खाली येते. खोटा संशय निर्माण करणारा गोंगाट कमी झाला की तेच प्रथिन अधिक स्पष्ट ऐकू येते. २० नॅनोग्रॅम ही मर्यादा म्हणजे निसर्गनियम नव्हे. ती विशिष्ट काळातील, विशिष्ट देशांतील, बहुतांशी विषाणूबाधित रुग्णांवरून ठरलेली आहे. तिचा उल्लेख मात्र सर्वत्र एखाद्या भौतिक स्थिरांकासारखा केला जातो.

वाटचालीचे मापन

रोगाची वाटचाल मोजण्याच्या प्रयत्नांत एएफपीचे स्थान सुरुवातीपासून डळमळीत राहिले. १९८५ च्या ओकुदा वर्गीकरणात अर्बुदाचा विस्तार, जलोदर, अल्ब्युमिन व बिलिरुबिन हे चार घटक होते, एएफपी नव्हते. १९९८ च्या इटालियन ‘क्लिप’ गुणांकनाने ४०० नॅनोग्रॅमच्या मर्यादेसह त्याला स्थान दिले. १९९९ च्या बार्सिलोना वर्गीकरणाने, जे पुढे जगभर रूढ झाले, ते पुन्हा बाहेर ठेवले. तज्ज्ञांमधील हे मतभेद वरवर तपशिलाचे वाटले, तरी त्यांच्या मुळाशी एक तात्त्विक प्रश्न आहे : रोगाचा टप्पा म्हणजे अर्बुदाचा आकार व प्रसार, की अर्बुदाची वृत्ती?

या प्रश्नाला व्यवहारात उत्तर मिळाले ते यकृत प्रत्यारोपणाच्या क्षेत्रात. १९९६ मध्ये माझाफेर्रो व सहकाऱ्यांनी मिलान निकष मांडले. एकच अर्बुद असल्यास ५ सेंटिमीटरपर्यंत, अथवा तीनपर्यंत अर्बुद असल्यास प्रत्येक ३ सेंटिमीटरपर्यंत, अशी ती सुटसुटीत अट होती. ४८ रुग्णांवरील या अभ्यासात चार वर्षांनंतरचे जीवित-प्रमाण ७५ टक्के होते आणि त्यानंतर हे निकष जवळजवळ सर्वत्र स्वीकारले गेले. परंतु फूटपट्टीने अर्बुद मोजता येतो, त्याचा स्वभाव मोजता येत नाही. समान आकाराच्या दोन अर्बुदांपैकी एक प्रत्यारोपणानंतर परत का येतो आणि दुसरा का येत नाही, याचे उत्तर निकषांत नव्हते. २०१२ मध्ये फ्रान्समधील दुव्हू व सहकाऱ्यांनी अर्बुदांची संख्या व आकार यांच्या जोडीला एएफपीच्या तीन पायऱ्या (१०० पर्यंत, १०० ते १०००, १००० हून अधिक) ठेवून नवे प्रारूप मांडले. पुढे २०१८ मध्ये स्वतः माझाफेर्रो यांच्याच गटाने ‘मेट्रोतिकीट २.०’ या प्रारूपात एएफपीचा समावेश केला. त्यात सर्वांत मोठ्या अर्बुदाचे सेंटिमीटर आणि अर्बुदांची संख्या यांची बेरीज घेतली जाते. एएफपी २०० पेक्षा कमी असल्यास ही बेरीज ७ पर्यंत चालते. २०० ते ४०० असल्यास ५ पर्यंत. ४०० ते १००० असल्यास ४ पर्यंत. केवळ आकारावर भिस्त ठेवणाऱ्या निकषांच्या जनकानेच बावीस वर्षांनी रक्तातील प्रथिनाला दार उघडून द्यावे, ही घटना पुरेशी बोलकी आहे. अमेरिकेतील नियमही याच दिशेचा आहे : पातळी १००० च्या वर असलेल्या रुग्णाला अर्बुदावरील उपचारांनी ती ५०० च्या खाली आल्याशिवाय प्रतीक्षायादीत विशेष प्राधान्य मिळत नाही.

येथे निर्देशकाची खरी कसोटी दिसते. एएफपीच्या आकड्यामुळे एक निर्णय बदलतो आणि बदललेल्या निर्णयामुळे मर्यादित असलेले दान केलेले यकृत ज्याला अधिक लाभ होईल त्याच्याकडे जाते. येथे एकाच वेळच्या आकड्याइतकेच त्याच्या दिशेलाही महत्त्व आहे. एएफपीचा रक्तातील अर्धायुकाल ५ ते ७ दिवसांचा असतो. शस्त्रक्रियेने अर्बुद पूर्ण निघाला असेल, तर पातळी त्या गतीने उतरावयास हवी. न उतरल्यास कोठेतरी अवशेष आहे, असे समजावे लागते. चढती रेषा दिसत असताना एक आकडा ‘मर्यादेत’ आहे म्हणून निर्धास्त राहणे घातक ठरू शकते.

औषधोपचारांच्या क्षेत्रातील उदाहरण आणखी सूक्ष्म आहे. रामुसिरुमॅब या औषधाची २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली ५६५ रुग्णांवरील चाचणी एकूणात अयशस्वी ठरली. परंतु ४०० नॅनोग्रॅम वा अधिक एएफपी असलेल्या रुग्णांचा उपगट वेगळा काढला असता आयुर्मानाचा मध्यक औषधाच्या गटात ७.८ महिने, तर तुलनागटात ४.२ महिने भरला. नंतर काढलेल्या उपगटातील निष्कर्षावर विसंबून राहणे हा वैद्यकीय संशोधनातील जुना दोष होय. येथे तो टाळला गेला. केवळ ४०० हून अधिक पातळी असलेल्या २९२ रुग्णांवर स्वतंत्र चाचणी घेण्यात आली आणि २०१९ मध्ये तिचा निकाल आला : ८.५ विरुद्ध ७.३ महिने. पहिल्या चाचणीतील साडेतीन महिन्यांचा लाभ दुसऱ्या, अधिक काटेकोर चाचणीत सव्वा महिन्यावर आला. लाभ अल्प आहे, हे मान्यच करावे लागेल. तरीही या कर्करोगात रक्तातील निर्देशकावरून रुग्ण निवडून परिणाम सिद्ध झालेले हे पहिले औषध ठरले. उपगटातील आकर्षक आकडा पुन्हा तपासला की किती आक्रसतो, याचा वस्तुपाठही त्यातच आहे.

अन्य प्रथिने आणि एकत्रित गुणांकने

एएफपीखालोखाल अभ्यासले गेलेले प्रथिन म्हणजे डेस-गॅमा-कार्बॉक्सी प्रोथ्रॉम्बिन, जपानमध्ये ‘पिव्हका-दोन’ या नावाने परिचित असलेले. रक्त गोठविणाऱ्या प्रोथ्रॉम्बिनच्या घडणीत जीवनसत्त्व ‘के’च्या साहाय्याने होणारी एक प्रक्रिया कर्कपेशीत अपुरी राहते आणि अर्धवट प्रथिन रक्तात उतरते. १९८४ मध्ये लिबमन व सहकाऱ्यांनी ७६ पैकी ६९ रुग्णांत ते वाढलेले दाखविले. ९१ टक्क्यांचा हा आकडा आजही उद्धृत होतो. परंतु त्या काळातील रुग्ण बहुधा प्रगत अवस्थेतील असत, हे सांगितले जात नाही. अमेरिकेतील ‘हॉल्ट-सी’ प्रकल्पात रोग होण्यापूर्वीपासून साठविलेल्या रक्तनमुन्यांची तपासणी झाली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात निदानाच्या क्षणी या प्रथिनाची संवेदनक्षमता ७४ टक्के आढळली. एएफपीशी सांगड घातल्यावर ती ९१ टक्क्यांवर गेली खरी, पण विशिष्टता ७४ टक्क्यांपर्यंत खाली आली. दोन चाळण्या एकत्र केल्या की मासे अधिक सापडतात, तसा गाळही अधिक येतो. या प्रथिनाचे खरे बळ पोर्टल शिरेतील कर्करोगाच्या शिरकावाशी असलेल्या त्याच्या संबंधात, म्हणजे पुन्हा वाटचालीच्या मापनातच आहे. मात्र वॉरफेरिन घेणाऱ्या, जीवनसत्त्व ‘के’ कमी असलेल्या किंवा पित्तमार्ग अवरुद्ध असलेल्या रुग्णात ते कर्करोगाविनाही वाढते. अहवालावर रुग्णाच्या औषधांची नोंद नसेल, तर त्याचा अर्थ लावता येत नाही.

एएफपी-एल३ हा एएफपीचाच शर्करायुक्त उपप्रकार होय. मसुरीच्या दाण्यातील लेक्टिन नामक प्रथिनाला तो चिकटतो आणि त्यामुळे वेगळा मोजता येतो. त्याचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक असणे आक्रमक अर्बुदाचे चिन्ह मानले जाते. ग्लिपिकन-३ आणि गोल्गी प्रथिन-७३ यांवर पुष्कळ लिहिले गेले; निर्णय बदलण्याच्या कसोटीवर ती अद्याप मागेच आहेत.

२०१४ मध्ये बर्मिंगहॅम येथील अभ्यासातून पुढे आलेले ‘गॅलाड’ गुणांकन लिंग, वय, एएफपी-एल३, एएफपी व पिव्हका-दोन यांना एका सूत्रात गोवते. कल्पना समंजस आहे. परंतु कर्करोगाचे रुग्ण वयाने अधिक आणि बहुसंख्येने पुरुष असतात. तुलनागट तरुण वा स्त्रीबहुल घेतला गेल्यास वय आणि लिंग हेच दोन घटक निर्देशकाचे अर्धे काम करून टाकतात आणि श्रेय प्रथिनांना मिळते. गॅलाडच्या यशाचे वृत्तान्त वाचताना दोन्ही गटांचे सरासरी वय सर्वप्रथम पाहावे.

या सगळ्या नव्या नावांच्या गर्दीत अल्ब्युमिन या जुन्या प्रथिनाकडे दुर्लक्ष होते. २०१५ मध्ये मांडलेले ‘आल्बी’ गुणांकन केवळ अल्ब्युमिन व बिलिरुबिन यांवरून यकृताची कार्यक्षमता ठरविते आणि ती कर्करोगाच्या रुग्णाचे भवितव्य चांगल्या प्रकारे सांगते. कारण या रोगात रुग्ण एकाच वेळी दोन आजारांशी झगडत असतो. अर्बुद वाढल्याने जितके मृत्यू होतात, तितकेच उरलेले यकृत निकामी झाल्याने होऊ शकतात. एखादे नवे प्रथिन मृत्यूशी निगडित आढळले, की ते अर्बुदाविषयी बोलते आहे की खंगलेल्या यकृताविषयी, हे अल्ब्युमिनचा प्रभाव वगळून पाहिल्याशिवाय कळत नाही. ही साधी दक्षता न घेतलेले लेख संख्येने थोडे नाहीत.

भारतीय संदर्भ

भारतात यकृत प्रत्यारोपण प्रामुख्याने जिवंत दात्याकडून, बहुधा निकटच्या नातलगाकडून होते. पाश्चात्त्य देशांत एएफपीचा आकडा प्रतीक्षायादीतील क्रम ठरवितो. येथे त्या आकड्याच्या दुसऱ्या टोकाला पत्नी, बहीण किंवा मुलगा असतो, ज्याच्या निरोगी शरीरावर मोठी शस्त्रक्रिया व्हावयाची असते. रोग परत येण्याची शक्यता प्रबळ असताना असे दान स्वीकारावे काय, हा प्रश्न कुटुंबासमोर मांडताना मिलानची फूटपट्टी पुरी पडत नाही. यादी नसल्यामुळे निकष सैल ठेवता येतात, हा युक्तिवाद दात्याच्या बाजूने पाहिल्यास तितकासा निर्विवाद राहत नाही.

दुसरी अडचण अधिक साधी आणि म्हणूनच अधिक दुर्लक्षित आहे. पातळीच्या चढउताराला महत्त्व द्यावयाचे, तर सर्व मोजमापे एकाच पद्धतीने झालेली हवीत. जिल्ह्याच्या ठिकाणी पहिली तपासणी, मोठ्या शहरात दुसरी आणि परतल्यावर गावाजवळच्या संकलन केंद्रातून तिसरी, असा रुग्णाचा प्रवास होतो. निरनिराळ्या संचांनी केलेली मोजमापे परस्परांशी तंतोतंत जुळत नाहीत. शिवाय काही अहवाल नॅनोग्रॅममध्ये, तर काही आंतरराष्ट्रीय एककांत येतात आणि एक आंतरराष्ट्रीय एकक सुमारे १.२ नॅनोग्रॅमच्या बरोबरीचे असते. प्रति मिलिलिटर ३५० नॅनोग्रॅम पातळी असलेला रुग्ण रामुसिरुमॅबच्या ४०० च्या अटीत बसत नाही. ३५० आंतरराष्ट्रीय एकके असलेला रुग्ण, त्याची पातळी ४२० नॅनोग्रॅमच्या आसपास असल्याने, बसतो. फायलीत दोघांच्याही नावापुढे ३५० हाच आकडा लिहिलेला असतो आणि एककाचा रकाना पुष्कळदा कोरा असतो.